कुलूप लागलेली ती मागची खोली द्या : इंदुरातल्या मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
इंदुरातल्या समस्त मराठी संस्था, मंडळे आणि त्यांच्या नाट्यशाखा

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री पावणेअकराला आमची बेल वाजली. सुदामा नगरात त्या वेळी बेल वाजली की माणूस आधी देवाचं नाव घेतो. दारात गल्लीतलीच एक मुलगी उभी होती. वय एकोणीस, कॉलेजच्या एकांकिकांत कामं करते. हातातल्या फोनवर मुंबईहून आलेला अडीच पानांचा सीन आणि त्याखाली एक ओळ : उद्या सकाळी 11 च्या आत टेप पाठवणे. टेप म्हणजे आपणच फोनवर चित्रित करून पाठवायची ऑडिशन. तिच्या घरी वडील बातम्या बघत होते, भावाची परीक्षा होती, आणि ज्या एकाच खोलीत भिंत मोकळी आहे तिथे आजी झोपल्या होत्या. "काकू, तुमच्याकडे करू?"

केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, मी फोनमागे स्टुलावर आणि ती भिंतीपुढे. साडेबाराला गल्लीतली कुत्री एकमेकांवर धावून गेली. पाऊण वाजता वरच्यांनी पाण्याची मोटर लावली. एकच्या सुमाराला तिचा चेहरा घामाने इतका चमकायला लागला की दुःखाचा सीन जाहिरातीसारखा दिसू लागला, म्हणून थांबलो. सकाळी सातला पुन्हा सुरू. चौथ्या टेकला तिचा आवाज पहिल्यांदा खरा कापला आणि नेमकी त्याच क्षणी कचरागाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर आली. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येत आलंय याचा मला अभिमान आहे. पण तो अभिमान त्या टेपमध्ये भरून पाठवण्यासारखा नव्हता. तिसरा टेक पाठवला. उत्तर आलं नाही. या धंद्यात उत्तर न येणं हेच उत्तर असतं.

दोन दिवसांनी राजवाड्याकडे कामाला गेले होते. तुमच्यापैकीच एका संस्थेच्या इमारतीवरून जाताना वर नजर गेली. मागच्या बाजूची ती खोली, जुन्या जाड भिंतींची, बंद. आत गेल्या संमेलनाचे फलक आणि पाय मोडलेल्या खुर्च्या आहेत. मला ठाऊक आहे, कारण एके काळी त्याच खोलीत आम्ही स्पर्धेच्या नाटकांचे कपडे इस्त्री करायचो.

तेव्हा मागणी आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सोय होईल. तुमच्या इमारतीतली एक शांत खोली इंदुरातल्या मराठी नटनट्यांना ऑडिशनच्या टेपा करायला द्या. आणि खोलीबरोबर माणसं द्या, समोर बसून संवाद वाचणारी. खोलीपेक्षा माणसांची गरज मोठी आहे. ते का, ते सांगण्यासाठीच हे पत्र लांबलंय.

माझी ओळख बहुतेकांना आहे. बँकेत नोकरी केली, संध्याकाळी तालमी केल्या. राज्य नाट्य स्पर्धेच्या इंदूर केंद्रावर आई, सासू, विधवा आत्या आणि एकदा न्यायाधीश अशी कामं केली. इंदुरातले जुने रंगकर्मी बाबा डिके यांच्या तालमींच्या गोष्टी ऐकत वाढलेली आमची पिढी. कॅमेऱ्याशी माझा संबंध लग्नाच्या अल्बमपुरता. 2020 च्या टाळेबंदीत भाच्याने फोन हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, तू फक्त समोरच्याचं वाच." तेव्हापासून वाचतेय.

त्याआधी काय होतं, आठवा. पाच मिनिटांच्या ऑडिशनसाठी पोरं संध्याकाळी अवंतिका पकडायची, रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटर, पहाटे मुंबई, कुणाच्या तरी खोलीवर आंघोळ, मग वर्सोव्याला आराम नगरातल्या रांगेत उभं राहायचं आणि परत. दोन रात्री, तिकीट, बुडालेलं कॉलेज. ज्यांच्या घरी परवडायचं ती जायची. बाकीची इथेच गणेशोत्सवात नाटकं करून थांबायची. मुंबईने टाळेबंदीत टेपा मागायला सुरुवात केली आणि नंतरही ती पद्धत सोडली नाही, कारण पहिल्या चाळणीला त्यांनाही ती सोयीची आहे. आपल्यासारख्या लांबच्या गावाला याहून चांगली गोष्ट कुठली होणार होती? पण रांग सरली आणि तिच्याबरोबर रांगेच्या शेवटी असलेली खोलीही सरली. तिथे दिवा त्यांचा असायचा, कॅमेरा त्यांचा, समोर वाचणारा त्यांचा. आता ते सगळं एकोणीस वर्षांच्या पोरीने रात्री पावणेअकराला उभं करायचं असतं.

सामानाबद्दल फार बोलत नाही, कारण सामान सगळ्यात सोपं. फोन आडवा, मागचा कॅमेरा, डोळ्यांच्या उंचीवर, तिपाईवर. खालून घेतला की नाकपुड्या दिसतात, वरून घेतला की माणूस गरीब दिसतो. चौकट छातीपासून डोक्यापर्यंत. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभं राहायचं, नाहीतर मागे सावली चिकटते. मागे साधं राखाडी किंवा फिकं निळं कापड. उजेड समोरून, थोडा बाजूने. खिडकी असेल तर ती नटासमोर हवी, पाठीमागे कधीच नाही. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावली की अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये सेकंदाला 25 फ्रेमचा पर्याय असेल तर तो लावावा, नाहीतर न लुकलुकणारे एलईडी दिवे घ्यावेत. रेकॉर्डिंग 1080 वर पुरतं. फोर-केच्या नादाला लागलं की फाइल सकाळपर्यंत वर चढत राहते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आलीच तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे ती चिरडली जात नाही. एवढं सामान तुमच्या वार्षिक कार्यक्रमातल्या पुष्पगुच्छांच्या आणि शालींच्या खर्चात सहज बसेल. टोमणा नाही मारत, मलाही एक शाल मिळाली आहे.

आवाज मात्र सोपा नाही. बहुतेक टेपा तिथेच पडतात.

नट फोनपासून पाच फुटांवर उभा असतो. वाचणारा फोनला खेटून, एखाद्या फुटावर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते. म्हणजे दोघं एकाच पट्टीत बोलले तर फोनपर्यंत माझा आवाज नटाच्या पंचवीस पट तीव्रतेने पोचणार. भाच्याच्या पहिल्या टेपचं हेच झालं. मी सासूचं काम करत होते, आणि तुम्हाला माहीत आहे मी सासू कशी करते. टेप ऐकली तर माझा खणखणीत आवाज आणि मागे कुठेतरी विहिरीतून बोलणारा तो. त्या टेपवरून निवड झाली असती तर माझी झाली असती. तेव्हापासून मी कुजबुजीच्या एक पायरी वर वाचते आणि पोरांच्या कॉलरला छोटा माइक लावते.

दुसरं, खोलीचा घुमारा. आपल्या नव्या फ्लॅटमध्ये फरश्या, काचा, उघड्या भिंती. आवाज टप्पे खात फिरतो. कानाला सवय झालेली असते म्हणून जाणवत नाही, टेपमध्ये मात्र न्हाणीघरात सीन केल्यासारखा वाटतो. मी कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर दोन रजया आणि आईची गोधडी टांगते, खाली सतरंजी टाकते. तुमच्याकडे तर जाजमं, गाद्या आणि जुने मखमली पडदे पडून आहेत. ज्या पडद्यासाठी कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या होत्या आणि जो शेवटी मापात बसला नाही, तो आठवतोय ना? तो या खोलीत नक्की बसेल.

आता माणसांकडे येते.

टेपमध्ये वाचणारा दिसत नाही, पण नट ज्याच्याकडे बघतो तो हाच. त्याने कॅमेऱ्याला चिकटून, भिंगाच्या उंचीवर, एका बाजूला बसायला हवं. तो लांब बसला तर नटाचा चेहरा अर्धा वळतो आणि एकच डोळा दिसतो. तो खाली मोड्यावर बसला तर नट पूर्ण सीनभर जमिनीकडे बघतो. भिंगात मात्र सीन चालू असताना बघायचं नाही. ते सुरुवातीच्या ओळखीपुरतं : नाव, वय, उंची, गाव, त्या तारखा मोकळ्या आहेत का, मग डावी बाजू, उजवी बाजू. सीनमध्ये दोन-तीन पात्रं असली तर एक डावीकडे, एक उजवीकडे. तिथे मी भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावते आणि त्याला नणंद म्हणते.

आणि वाचायचं कसं? मला वाटलं होतं, पस्तीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या बाईला हे काय शिकायचं. पण सपाट, यादी वाचल्यासारखं वाचलं तर नटाला धरायला काही उरत नाही. आपणच रंगात आलो तर टेप आपली होते. मधली जागा बारीक आहे. शब्दांत अर्थ हवा, आवाजात दिखावा नको, आणि नटाचं वाक्य पूर्ण संपल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही, कारण एकमेकांवर चढलेले दोन आवाज नंतर कुणालाच सोडवता येत नाहीत. वय आणि बाई-पुरुष हा प्रश्नच नाही. मी त्रेसष्ट वर्षांची बाई, कॉलेजकुमाराच्या आवाजात "तू मला सोडून जाणार?" असं विचारते आणि समोरची पोर खरोखर हलते. पहिल्यांदा दोघींना हसू येतं, चौथ्यांदा येत नाही.

तुमच्याकडे अशी माणसं भरपूर आहेत असं म्हणून मी थांबणार होते. पण खरं सांगायचं तर आपल्यातले सगळ्यात तयार वाचक म्हणजे जुने प्रॉम्प्टर, आणि सुरुवातीला तेच सगळ्यात वाईट ठरतात. माझ्याकडे एकदा असेच एक काका आले. आयुष्यभर विंगेत पुस्तक घेऊन उभे राहिलेले, कुणाचंही वाक्य अडलं की त्याच्या आधी यांचे ओठ हलायचे. टेपसाठी वाचायला बसले. मुलगा एका ओळीनंतर थांबला. थांबला, कारण त्याला तिथे थांबायचं होतं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी यायला लागलं होतं. आणि काकांनी हळूच पुढची ओळ सांगितली! तीन टेक असेच गेले. काकांचा दोष नाही; शांतता झाली की संकट आलं, हेच त्यांना पन्नास वर्षांत शिकवलं गेलं होतं. कॅमेऱ्याला मात्र तीच शांतता हवी असते. काकांना मी म्हटलं, मनात तीन अंक मोजा आणि मगच तोंड उघडा. आता ते उत्तम वाचतात. माझ्यापेक्षा बरे, कारण त्यांना स्वतः काम करायची हौस नाही.

नटांनाही आपणच बिघडवलंय, हेही कबूल करू. रवींद्र नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे, हे आपण त्यांना शिकवलं. भुवया उंचावून, हात मोकळे सोडून, प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश वळून. छातीपर्यंतच्या चौकटीत उंचावलेली भुवई म्हणजे घरावरून विमान गेल्यासारखं वाटतं. मी पोरांना सांगते, शेवटच्या रांगेतले आजोबा आज तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेत, त्यांच्याशी बोल. पाय ठेवायच्या जागी खडूने फुली काढते, कारण आपली पोरं भावना आली की दोन पावलं चालतात आणि चौकटीबाहेर जातात. कपड्यांचंही तेच. एक जण हवालदाराच्या कामासाठी भाड्याचा गणवेश घालून आला होता, आणि एका बाईंनी रात्री झोपेतून उठलेल्या आईच्या सीनला पैठणी नेसली होती. साधा, एका रंगाचा कपडा पुरतो. बारीक रेघांचा किंवा चौकटींचा शर्ट नको, तो कॅमेऱ्यात वळवळतो.

शेवटाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती शेकडा नव्वद जण करतात. शेकडा नव्वद हा माझा अंदाज, कुठल्या अहवालातला नाही. शेवटचं वाक्य संपतं, आणि संपल्याबरोबर नट माझ्याकडे बघतो : झालं का, काकू? ती नजर टेपमध्ये येते. दोन मिनिटं उभं केलेलं माणूस त्या अर्ध्या सेकंदात निघून जातं आणि सुदामा नगरातला पोरगा उरतो. वाक्य संपल्यावरही दोन श्वास तिथेच राहायचं. थांबव म्हणायचं काम वाचणाऱ्याचं. सुरुवातही तशीच. घसा खाकरणं, पदर सारखा करणं, "करू का?" हे सगळं कापून टाकायचं. जो बघतोय त्याच्यापुढे अशा टेपांचा ढीग आहे, आणि पहिल्या काही सेकंदांत त्याचं मन बनतं.

किती टेक? माझ्याकडे नियम आहे, पाच झाले की चहा. पाचानंतर बहुधा सुधारणा होत नाही, फक्त पाठांतर पक्कं होतं. बघायला बसलं की दुसरा नाहीतर तिसराच बरा निघतो. हे सांगायलाही तिऱ्हाईत माणूस लागतो, कारण स्वतःचा चेहरा बघताना पोरं अभिनय बघत नाहीत, केस बघतात.

आता बोलीचा विषय. इथे तर तुमच्याशिवाय कुणाचाच उपयोग नाही. आपली मुलं हिंदी माध्यमात किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांचं हिंदी निखळ आहे, त्यात मराठी हेल नाही. मुंबईच्या हिंदी कामांसाठी ही मोठी जमेची बाजू. पण मराठी मालिकेचा सीन आला की ती "त्याच्याशी विचारलं" म्हणतात आणि "भीती लागते" म्हणतात. लिहिलेलं वाचताना हे सुधारतं, उच्चार सुधारत नाहीत. 'हे जग' मधला ज आणि 'तू जग' मधला ज वेगळा, हे त्यांच्या कानाला माहीतच नाही. 'माझी' बरोबर म्हणतात आणि 'माझा' त्याच झ ने म्हणतात. पुण्यातल्या कानाला हे पहिल्या ओळीत खटकतं आणि मग त्या कानाला पुढचा अभिनय दिसत नाही. कुठलंही अ‍ॅप हे शिकवत नाही. तुमच्या वाचनालयात दुपारी पेपर वाचायला येणाऱ्या आजी दहा मिनिटांत शिकवतील. त्यांना ओरडून नका शिकवू म्हणावं, एवढंच.

एकदा उलटंही झालं. माळव्यातल्या मराठी घराचा सीन आला होता, आणि पोरगा घाबरून पुणेरी बोलायला लागला. मी आपल्या इंदुरी थाटात म्हटलं, भिया, आज तरी घरच्यासारखं बोल.

रात्रीच्या वेळेबद्दल तुमची तक्रार असणार, ती मान्य करूनच लिहिते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने 118 दिवस संप केला. त्यानंतर जो करार झाला त्यात टेपांचेही नियम आले : तयारीला किमान 48 तास, आणि पहिल्या टेपला आठ पानांहून जास्त मजकूर नाही. आपल्याकडे रात्री दहाला सीन येतो आणि सकाळी हवा असतो. ते बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. खोलीची किल्ली आपल्या हातात आहे. ती संध्याकाळी सातला कार्यवाहांच्या खिशात घरी जाणार असेल तर खोली देऊ नका, उपयोग नाही. अकरापर्यंत चौकीदाराकडे राहू द्या, वहीत नाव, वेळ आणि सही. तास-दोन तासांचं माफक भाडंही घ्या. फुकट दिलेल्या खोलीत लोक चहाचे कप सोडून जातात.

आणि मुलींसाठी ही खोली असावी असं मला वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. टेप मागणारा प्रत्येक जण खरा नसतो. कुणी नोंदणीचे पैसे मागतो. ऑडिशनसाठी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा, हे मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगते. कुणी दुसऱ्या निरोपात कपडे कमी करून टेप पाठव म्हणतो. घरच्या बंद खोलीत एकटीने तो निरोप वाचणाऱ्या मुलीला हे विचारायचं कुणाला ते कळत नाही. आईला विचारलं तर नाटकच बंद होईल. समोर वाचायला बसलेली एखादी आपली बाई असली तर ती मुलगी फोन तिच्यापुढे करते. माझ्यापुढे दोनदा केलाय. एकदा माणूस खोटा होता, एकदा खरा होता आणि सीनची गरज त्याने नीट समजावून सांगितली. दोन्ही वेळा निर्णय मुलीनेच घेतला, पण ती एकटी नव्हती.

आता आक्षेप. "संस्था नाटकासाठी आहे, मालिकांच्या भरतीसाठी नाही." हे वाक्य मला एका बैठकीत ऐकवलं गेलं आहे आणि ते म्हणणारे गृहस्थ मला प्रिय आहेत. त्यांना विचारते : गेल्या पाच वर्षांत तुमच्या नाट्यशाखेत पंचविशीच्या आतले किती जण टिकले? पोरं येतात, एक एकांकिका करतात आणि जातात, कारण पुढचं दार दिसत नाही. माझ्या मागच्या खोलीत टेपा करायला येणाऱ्यांपैकी बरेच जण नंतर आमच्या तालमींना आले. सीन मागायला आलेला मुलगा वाट बघताना कोपऱ्यातलं जुनं नाटकाचं पुस्तक चाळतो. मी ते मुद्दाम तिथे ठेवते.

"वशिला होईल, पदाधिकाऱ्यांच्या नातवंडांनाच वेळ मिळेल." होईल. म्हणून वही दारावर टांगा, आत कपाटात नको.

"दोन महिन्यांत उत्साह ओसरेल." शक्य आहे. ओसरला तर खुर्च्या परत आत ठेवता येतील, त्या काही कुठे पळून जात नाहीत.

मला माझ्या खोलीचा कंटाळा आलेला नाही, गैरसमज नसावा. पण ती नऊ बाय दहाची आहे, तिला लागून शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे, आणि मुख्य म्हणजे वाचणारी मी एकटीच आहे. गेल्या दिवाळीत मला ताप होता तेव्हा तीन जणांनी फोन केले. दोघांनी बहिणीला बसवून केलं, एकाने समोर कुणीच नाही म्हणून दुसऱ्या फोनवर स्वतःच्या आवाजात समोरचे संवाद भरले आणि त्या फोनला उत्तरं देत बसला. ती टेप मी पाहिली. पोरगा गुणी आहे. पण त्याचं लक्ष पूर्ण वेळ पुढचं वाक्य कधी वाजतंय इकडे होतं. यंत्राला थांबायचं कळत नाही.

तुमच्या पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको, तोपर्यंत सगळे पोहे खाऊन उठलेले असतात. मी येईन. राखाडी कापड, माझी तिपाई आणि दोन दिवे घेऊन येईन, आणि परवानगी असेल तर ती मंगळवारची मुलगीही येईल. तिला पुन्हा एक सीन आलाय. अध्यक्षांनी समोरचं वाचावं. वडिलांचं काम आहे, एकूण सहा वाक्यं, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी थांबायचं आहे.

आपली नम्र,
सुदामा नगरातली एक जुनी आजीव सभासद

ता. क. त्या मागच्या खोलीत लंबकाचं घड्याळ आहे, देणगीदाराच्या नावासकट. ते अजून चालतं आणि अर्ध्या तासाला टोल देतं. कृपया सभागृहात हलवावं. देणगीदारांच्या घरच्यांशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही.